आवक क्रमांक नसलेली तक्रार : सोलापुरातल्या एका कॉलेजमधलं पाठलागाचं प्रकरण

सोलापूर शहराच्या कडेला असलेल्या एका कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीवर मी बाहेरची सदस्य म्हणून काम करते. तिथे आलेल्या एका प्रकरणाची ही हकिकत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातलं कलम 16 चौकशीचा मजकूर जाहीर करू देत नाही. पीडितेची ओळख पटणार नाही अशा बेतानं, तिला न्याय कसा मिळाला एवढं मात्र सांगता येतं. म्हणून मुलीचं नाव, गाव आणि विषय इथे दिलेला नाही, काही तपशील बदलले आहेत, आणि हा मसुदा तिनं स्वतः वाचून होकार दिला आहे.

मुलगी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, हॉस्टेलवर राहणारी. शनिवारी संध्याकाळी मोहोळकडे जाणाऱ्या एसटीनं गावी जायचं, सोमवारी सकाळी परत यायचं. तिचा पाठलाग करणारा मुलगा याच कॉलेजचा माजी विद्यार्थी. सुरुवात इन्स्टाग्रामवर नोट्सच्या निमित्तानं झाली. आठवडाभरातच नोट्स बाजूला राहिल्या. तिनं सरळ लिहिलं, ‘मला तुमच्याशी बोलायचं नाही. परत मेसेज करू नका.’ आणि ब्लॉक केलं. मग नव्या नावाचं खातं आलं, ते ब्लॉक केल्यावर आणखी एक. पुढे तो लायब्ररीच्या जिन्यात दिसायला लागला, नंतर गेटबाहेरच्या टपरीवर. एका शनिवारी तो तिच्याच एसटीत, दोन सीट मागे बसलेला होता. त्या दिवशी तो पुढे निघून गेला. पुढच्या शनिवारी मात्र सावळेश्वरचा टोल नाका मागे पडला, तिचा फाटा आला, आणि तिच्यामागोमाग तोही उतरला. अंधारून आलं होतं. फाट्यापासून वस्तीपर्यंतचा रस्ता उसातून जातो. तो मागून हाका मारत राहिला, ‘दोन मिनिटं थांब, एवढंच बोलायचंय.’ कारखान्याकडून रिकामा परतणारा ओळखीचा ट्रॅक्टर आला, त्यावर बसून ती घरी पोचली. घरात तिनं काहीच सांगितलं नाही.

या प्रकरणाबद्दल बोलताना पहिला प्रश्न हमखास येतो : ती आधीच का बोलली नाही? ती बोलली होती. जिन्यात तो पहिल्यांदा दिसला त्याच दिवशी रेक्टर मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘दुर्लक्ष कर बाळ, कंटाळून जाईल.’ वर्गशिक्षकांना सांगितलं, त्यांनी ऑफिसकडे बोट दाखवलं. ऑफिसात क्लार्क म्हणाले, ‘सांगून ठेवलंस ना, साहेब आले की कानावर घालतो.’ गेटवरच्या वॉचमनकाकांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘मीही बघितलंय त्याला, पण आयकार्ड दाखवतो, मी काय करू?’ चौघांपैकी कुणीही तिच्याशी वाईट वागलं नाही. मॅडमनी तर रात्री खोलीवर जाऊन विचारपूसही केली. पण चौघांपैकी एकानंही समोर कोरा कागद ठेवला नाही. पहिल्यांदा सांगितल्यापासून कागदावर येईपर्यंत जवळजवळ दोन आठवडे गेले, आणि फाट्यावरचा प्रकार याच दोन आठवड्यांत घडला.

याच कॉलेजच्या पार्किंगमधून गाडी चोरीला गेली की मुलगा त्याच दिवशी पोलीस ठाण्यात असतो, कारण एफआयआरशिवाय विम्याचे पैसे मिळत नाहीत. नोंद कशी करायची हे आपल्या पोरांना पक्कं ठाऊक आहे. मुलीचा पाठलाग ही नोंद करायची गोष्ट आहे, एवढंच कुणी शिकवलेलं नसतं.

वाट दाखवली ती तिच्या रूममेटनं, खरं तर रूममेटच्या आईनं. या मावशी शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, सगळी उमर विड्या वळण्यात गेलेल्या. लेकीला डबा द्यायला आल्या होत्या तेव्हा त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, ‘वहीवर चढलं नाही ते काम झालंच नाही म्हणतेत कारखान्यात. तू लिहून दे, अन् शिक्का घे.’

दोघींनी रात्री बसून अर्ज लिहिला. पुढच्या सगळ्या गोष्टी त्याच्यावर उभ्या राहिल्या, म्हणून त्यात काय होतं ते नीट सांगते. ‘एक मुलगा मला त्रास देतो’ असं मोघम वाक्य त्यात नव्हतं. तारीख, वार, वेळ, जागा, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, आणि त्या वेळी तिथे कोण होतं, असं एकाखाली एक लिहिलं होतं. तारीख आठवत नव्हती तिथे ‘साधारण’ हा शब्द होता. उगाच नेमकेपणाचा आव नव्हता. तिनं आधी कुणाकुणाला तोंडी सांगितलं होतं, तेही होतं. शेवटी तीन मागण्या : याला आवारात येऊ देऊ नका, या तारखांचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा, आणि माझा अर्ज तक्रार समितीकडे पाठवा. सोबत स्क्रीनशॉट. एसटीची तिकिटंही होती. कंडक्टरच्या मशीनमधून निघणाऱ्या तिकिटावर तारीख-वेळ असते, पण तो कागद असा की महिन्या-दोन महिन्यांत अक्षरं उडतात. रूममेटनं आठवणीनं त्यांचे फोटो काढून ठेवले होते.

सकाळी दोन प्रती घेऊन दोघी ऑफिसात गेल्या. क्लार्क म्हणाले, ‘ठेवून जा.’ रूममेट म्हणाली, ‘सर, आमच्या प्रतीवर पोच द्या.’ थोडी कुरकुर झाली, प्राचार्य मीटिंगमध्ये आहेत वगैरे. दोघी काउंटरपाशीच उभ्या राहिल्या. अखेर शिक्का पडला, आवक क्रमांक पडला, तारीख पडली. त्याच दुपारी अर्ज समितीच्या अध्यक्षांकडे आला आणि संध्याकाळी मला फोन आला. दोन आठवडे जागचं न हललेलं प्रकरण एका दिवसात पुढे सरकलं.

कायद्याकडे पाहिलं तर एवढी खटपट मुलीवर पडायलाच नको होती. 2013 च्या कायद्यातलं कलम 9 लेखी तक्रार मागतं. पण बाईला लिहून देता येत नसेल, तर लेखी तक्रार करायला तिला सर्वतोपरी मदत समितीनं करायची, असंही तेच कलम सांगतं. पोलिसांनाही हाच नियम आहे. जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तोंडी दिलेली खबर अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि सही घ्यायची. लिहिण्याचं ओझं ऐकणाऱ्यावर आहे. तक्रार ऐकणारा मग रेक्टर असो, शिक्षक असो की क्लार्क, त्यानं ‘बस, आपण लिहून घेऊ’ एवढं म्हणायची सवय लावून घ्यावी. या सगळ्या प्रकरणातून माझं ठाम मत बनलं ते हेच.

समितीपुढे पहिला प्रश्न हद्दीचा आला. तो आता इथला विद्यार्थी नाही, कर्मचारीही नाही, मग आपण काय करणार, असं एका सदस्यांनी विचारलं. प्रश्न वाजवी होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळाविषयीच्या 2015 च्या नियमावलीत याचं उत्तर आहे. बाहेरून येणाऱ्या त्रयस्थ माणसाकडून होणारा छळही त्यात धरला आहे, आणि ‘कॅम्पस’ या शब्दात हॉस्टेल, लायब्ररी, कँटीन, शैक्षणिक सहली, संस्थेनं पुरवलेली वाहतूक हे सगळं येतं. एसटी त्यात बसत नाही, कारण ती कॉलेजनं पुरवलेली नाही. बाहेरच्या माणसाला शिक्षा देणं समितीच्या हातात नसलं, तरी 2013 च्या कायद्यातलं कलम 19 संस्थेला मोकळं सोडत नाही. बाईला पोलिसांत जायचं असेल तर मदत करायची, आणि छळणारा संस्थेबाहेरचा असेल तर तिच्या इच्छेनुसार फौजदारी कारवाई सुरू करून द्यायची, ही संस्थेची जबाबदारी आहे. म्हणून त्याच दिवशी तीन कागद निघाले : त्याला आवारबंदीची नोटीस, फुटेज जपण्याचा लेखी आदेश, आणि पोलिसांना द्यायचं प्राचार्यांचं पत्र.

फुटेजची गोष्ट मनाला लागणारी आहे. सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, म्हणजे डीव्हीआरची, हार्ड डिस्क भरली की जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवं चढतं. किती दिवसांचं राहील ते डिस्कवर आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून. लायब्ररीच्या जिन्यातले पहिले दोन प्रसंग पुसले गेले होते. ती तोंडी सांगत फिरत होती त्या दिवसांत ते दोन्ही डिस्कवर होते. गेटवरचं मात्र मिळालं, पण त्या डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेच्या सतरा मिनिटं मागे चालत होतं. तिनं सव्वापाच लिहिलं होतं, स्क्रीनवर चार अठ्ठावन्न दिसत होतं. आरोपीच्या वकिलाला हा फरक आयता सापडला असता. पुढे गुन्हा नोंदल्यावर तपास करणाऱ्या महिला फौजदारांनी पंचनाम्यातच मोबाइलची वेळ आणि डीव्हीआरची वेळ शेजारी शेजारी लिहून घेतली. फुटेजसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम 63 चं प्रमाणपत्र जोडलं, त्यावर यंत्राची जबाबदारी असलेल्या माणसाची आणि तज्ज्ञाची सही लागते. गेटवरचं रजिस्टरही जप्त झालं. कामाच्या रकान्यात त्यानं दर वेळी ‘मार्कलिस्ट’ लिहिलं होतं. एवढ्या वेळा मार्कलिस्ट न्यायला कोण येतं, हे कुणीतरी पान उलटून पाहायला हवं होतं. वॉचमनकाकांना दोष देणार नाही. ठेकेदाराचा माणूस, बारा तासांची पाळी. दिसलेली गोष्ट वर कळवायची कुणाला, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्यांनीच पुढे सगळ्यात स्पष्ट जबाब दिला.

पोलीस ठाण्यात ती, रूममेट, समितीच्या अध्यक्षा आणि मी गेलो. ठाणे अंमलदार अर्ज वाचत फाट्यापर्यंत आले आणि म्हणाले, ‘हा प्रकार ग्रामीणच्या हद्दीतला, तिकडे द्यावा लागेल.’ सोलापुरात हे वारंवार ऐकू येतं. शहराला पोलीस आयुक्तालय, बाकी जिल्ह्याला ग्रामीणचे पोलीस अधीक्षक, आणि शहराच्या कडेच्या कॉलेजांतली मुलं रोज ही सीमा ओलांडून ये-जा करतात. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या संहितेत कलम 173 स्वच्छ सांगतं की गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. तिथे शून्य क्रमांकानं नोंद करून कागद योग्य ठाण्याकडे पाठवायचे, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. इथे तर त्याचीही गरज नव्हती, कारण जिना, गेट, टपरी, बसमधला बराचसा प्रवास शहरातलाच. एकच गुन्हा अनेक हद्दींत चालू राहिला असेल तर त्यातलं कुठलंही ठिकाण चालतं. अध्यक्षांनी शांतपणे एवढं मांडलं, वरिष्ठ निरीक्षक आले, आणि फिर्याद घ्यायला महिला फौजदार बसल्या. पाठलागासारख्या गुन्ह्यात बाईची खबर महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायची असते. वाद न घालता कायदा मांडला की बहुतेक ठाण्यांत काम होतं, हा माझा अनुभव. नाहीच झालं तर पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तालयाला, लेखी अर्ज टपालानं पाठवता येतो, आणि त्यापुढे न्यायदंडाधिकारी आहेत. एफआयआर ई-मेलनं किंवा ऑनलाइन कळवता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

गुन्हा लागला तो जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 चा. बाईनं नको म्हणून स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं, संपर्काचा प्रयत्न करणं, किंवा तिच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणं, हे सगळं त्यात येतं. यातल्या ‘स्पष्ट’ या शब्दासाठी तिचं ते इन्स्टाग्रामवरचं वाक्य मोलाचं ठरलं. अनेक मुली उत्तरच देत नाहीत, किंवा ‘बिझी आहे’ म्हणून टाळतात. त्यात त्यांची काही चूक नाही, भीती असते. पण जमलं तर एकदा साध्या शब्दांत नकार लिहावा, त्याच्या खात्याचं नाव आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, आणि मगच ब्लॉक करावं. पाठवलेले मेसेज समोरचा कधीही मागे घेऊ शकतो.

एफआयआरची प्रत तिला तिथेच मिळाली, फुकट. ती मिळायलाच हवी असते. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तिचा जबाब झाला. पुरवणी जबाबासाठी तिला ठाण्यात बोलावलं नाही, महिला पोलीस हॉस्टेलवर आल्या. बाईचा जबाब ती राहते तिथे घ्यायचा, अशीच तरतूद आहे.

सगळ्यात अवघड होतं ते घर. तिनं घरी न सांगण्याचं कारण एकच होतं : ‘कळलं तर शिक्षण बंद, आणि लग्नाचं बघायला लागतील.’ समितीपुढे बसलेली बहुतेक मुलगी हे वाक्य कुठल्या ना कुठल्या शब्दांत बोलते. मारणाऱ्या, धमकावणाऱ्या माणसापेक्षा तिला कॉलेज सुटण्याची भीती मोठी असते, आणि पाठलाग करणाऱ्याला हे पुरेपूर माहीत असतं. या मुलानंही शेवटच्या मेसेजमध्ये तेच लिहिलं होतं, ‘घरी सांगू का तुझ्या, आपलं काय चाललंय ते?’ एफआयआर झाली त्या संध्याकाळी अध्यक्षांनी तिच्यासमोर वडिलांना फोन लावला. पहिलं वाक्य त्यांनी विचार करून ठरवलं होतं, ‘दादा, तुमच्या मुलीनं फार समजूतदारपणे काम केलंय, ते सांगायला फोन केलाय.’ दुसऱ्या दिवशी आई-वडील दोघं आले. वडील बराच वेळ एफआयआर वाचत बसले. मग लेकीला एवढंच विचारलं, ‘शनिवारी फाट्यावर घ्यायला येत जाऊ का मी?’

भाऊ मात्र चार मित्र गोळा करून त्या मुलाच्या घराकडे निघाला होता. त्याला वडिलांनी अडवलं, ते फार बरं झालं. हाणामारी झाली असती तर भावावर गुन्हा, तडजोडीची बोलणी, ‘तुम्ही तुमची मागे घ्या, आम्ही आमची घेतो’, आणि मुलीची फिर्याद त्यात बुडाली असती.

आरोपीला अटक झाली आणि तो जामिनावर सुटला. गावात लगेच चर्चा, पैसे दिले असतील म्हणून. तसं काही नव्हतं. पाठलागाचा पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पुन्हा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत, आणि तो गुन्हा जामीनपात्र नाही. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलं पाहिजे, नाहीतर आरोपी सुटलेला दिसला की कुटुंबाचा धीर तिथेच खचतो. पोलिसांनी त्याच्यावर वेगळी प्रतिबंधक कारवाई करून बंधपत्र, म्हणजे नीट वागण्याची लेखी हमी, घेतलं. त्यानंतर तो आवारात किंवा एसटीत दिसलेला नाही. दिसला तर लगेच 112 लावायचा, हे तिला, रूममेटला आणि वॉचमनकाकांना सांगून ठेवलं आहे. फुकट वकील हवा असेल तर 15100 हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 181 ही महिला हेल्पलाइन. खोटी खाती आणि मॉर्फ केलेले फोटो असतील तर सायबर गुन्ह्यांचं सरकारी पोर्टल आहे.

नंतर कॉलेजच्या व्यवस्थापनात सुरक्षेची बैठक झाली, आणि पहिली सूचना आली ती मुलींच्या हॉस्टेलची वेळ आठवरून सातवर आणण्याची. मी आणि अध्यक्षांनी कडाडून विरोध केला. अनुदान आयोगाच्या त्याच नियमावलीत लिहिलंय की सुरक्षेचं कारण देऊन मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. शिवाय पाठलाग तर भरदिवसा लायब्ररीच्या जिन्यात झाला होता. सातला दार लावून तो जिना सुरक्षित होत नाही. मुलीचा लायब्ररीतला एक तास तेवढा जातो, आणि पुढच्या वेळी दुसरी कुठली मुलगी तक्रार करायचं टाळते, कारण तक्रारीची शिक्षा सगळ्या हॉस्टेलला होते हे तिनं पाहिलेलं असतं. सूचना मागे घेतली गेली.

त्याऐवजी जे झालं ते साधं आहे. आयकार्डवर मुदत ठळक छापली जाते आणि दर वर्षी रंग बदलतो. माजी विद्यार्थ्याला गेटवर ऑफिसात फोन करूनच आत सोडतात. रजिस्टर दर शनिवारी उपप्राचार्य पाहून सही करतात. डीव्हीआरची घड्याळं महिन्यातून एकदा मोबाइलशी जुळवली जातात. ऑफिस, हॉस्टेल आणि लायब्ररी तिन्हीकडे तक्रारीचे छापील अर्ज ठेवले आहेत, खाली पोचपावतीची फाडून द्यायची पट्टी आहे, आणि कुणीही तोंडी काही सांगितलं तर ऐकणाऱ्यानं तो अर्ज भरून द्यायचा असा लेखी आदेश आहे. आदेश निघाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आलेल्या अर्जांत एक रॅगिंगचा होता, मुलांच्या हॉस्टेलमधला. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे, पण त्या हॉस्टेलमधून असा कागद समितीच्या माहितीत याआधी आलेला नव्हता.

दोन कामं अडलेली आहेत. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात समितीवर तीन विद्यार्थी प्रतिनिधी निवडून आलेले हवेत. इथे अजून नेमणुकीवरच भागवलं जातंय, निवडणुकीसाठी पत्र दिलं आहे. आणि गेटपासून बसथांब्यापर्यंतचे दिवे. ते महापालिकेचं काम, अर्ज गेला आहे, त्याचा आवक क्रमांक आमच्याकडे आहे. खटल्यात दोषारोपपत्र दाखल झालंय. साक्षीच्या तारखेला प्रात्यक्षिक परीक्षा आली तर तिची तारीख बदलून देण्याचं पत्र विभागप्रमुखांनी आधीच देऊन ठेवलं आहे.